ओरिएंटिअरिंगचा नकाशा छापला की खुणा एकमेकींत घुसतायत, काय करावं?

टेकडीकर:
नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या शाळांच्या मुलांसाठी वेताळ टेकडीचा (पुणे) ओरिएंटिअरिंगचा (नकाशा बघत ठरलेली ठिकाणं शोधत पळायचा खेळ) नकाशा करतोय, स्केल १:१००००, ओपनओरिएंटिअरिंग मॅपर या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये. पायवाटा, मोठे दगड, खाणीची कडा, गिरिपुष्पाची दाट झाडी असं सगळं प्रत्यक्ष फिरून टाकलंय. स्क्रीनवर झूम केलं की झकास दिसतं, पण ए४ वर प्रिंट काढली की पायवाट आणि कंटूर (समान उंचीची तपकिरी रेषा) एकात एक, दगडांचा नुसता काळा डाग, आणि वर कंट्रोलचं (मुलांनी गाठायच्या ठिकाणाचं) जांभळं वर्तुळ आलं की खाली काय आहे तेच कळत नाही. सातवी-आठवीची मुलं हे पळता पळता वाचणार आहेत. खुणा थोड्या लहान केल्या, रेषा बारीक केल्या तर जागा होईल का?

योटेबोरीकर:
लहान अजिबात करू नका! आधी मॅपरमध्ये कुठला सिम्बॉल सेट (तयार खुणांचा संच) घेतलाय ते बघा. आयसॉम २०१७-२ (ओरिएंटिअरिंग नकाशांच्या खुणांचे आंतरराष्ट्रीय नियम) चे १:१५००० आणि १:१०००० असे वेगळे सेट येतात, दुसऱ्यात प्रत्येक खूण दीडपट मोठी असते. चुकून पहिला घेतला असेल तर कंटूर ०.१४ मिमीचीच राहते, खरं तर ०.२१ हवी.

आता जागेचं. १:१५००० ला दगडाचा ठिपका ०.४ मिमीचा, म्हणजे जमिनीवर ६ मीटर. १:१०००० ला तोच ०.६ मिमी, जमिनीवर परत ६ मीटरच. म्हणजे स्केल मोठं घेतलं म्हणून जास्त माल बसत नाही, आहे तोच नीट वाचता येतो. चार मीटरवर दोन दगड असतील तर दोन ठिपके बसणारच नाहीत, एकतर जो लांबून दिसतो तो एकच ठेवा नाहीतर दगडांच्या पुंजक्याचा काळा त्रिकोण टाका. टेकडीवर बसॉल्टचे दगड पायलीचे पन्नास असणार, पण पळणाऱ्या मुलाला ज्याच्यापाशी "हां, इथे आलो" असं कळेल तोच दगड कामाचा. बाकीचे काढा. मन होत नाही माहितीये, फिरून फिरून शोधलेले असतात, तरी काढा.

पायवाट आणि कंटूर चिकटल्या तर पायवाट जागेवर ठेवून कंटूर किंचित सरकवा, दोन बारीक रेषांत १:१५००० ला निदान ०.१५ मिमी फट लागते, तुमच्याकडे दीडपट धरा. फक्त दगड वाटेच्या डावीकडे असेल तर नकाशावरही डावीकडेच राहिला पाहिजे, एवढं सांभाळलं की दोन-तीन मीटर इकडेतिकडे झालेलं पळताना कुणाला जाणवत नाही.

अजून एक, दोन वाटा मिळतात तिथे तुटक रेषेची फट येऊ देऊ नका, डॅशला डॅश जोडलेला हवा, नाहीतर फाटा कुठे आहे तेच दिसत नाही. मॅपरमध्ये डॅश पॉइंट (इथे डॅशच यायला हवा असं सांगणारे बिंदू) टाकता येतात, वळणावर आणि फाट्यावर टाका.

छपाईवाला:
वरचं सगळं बरोबर, पण निम्मा घोळ प्रिंटचा पण असतो. झेरॉक्सवाल्याकडे जेपीजी नेऊ नका, पीडीएफ न्या, आणि "फिट टू पेज" बंद करायला सांगा नाहीतर स्केल बोंबलतं. छापून आल्यावर पट्टी लावून बघाच. काळा रंग प्रिंटर सरळ एका शाईत छापतो पण तपकिरी हा तीन-चार शायांच्या ठिपक्यांतून बनतो म्हणून बारीक कंटूर तुटक आणि दातेरी येते. चांगल्या लेझरवर आणि गुळगुळीत कागदावर फरक पडतो, आधी नकाशाचा एक तुकडा दोन-तीन ठिकाणी छापून घ्या आणि जिथे कंटूर सलग येते तिथेच बाकीच्या प्रती काढा.

जांभळ्या वर्तुळाचं म्हणाल तर ते काळ्या, तपकिरी खुणांच्या वर बसायला नको, त्यांना खालून दिसू द्यायला हवं. पर्पल पेनमध्ये (नकाशावर कंट्रोल टाकायचं सॉफ्टवेअर) जांभळा रंग नकाशात मिसळण्याचा पर्याय आहे तो चालू करा. तरी महत्त्वाचं काही झाकलं जात असेल तर वर्तुळ तिथे कापायचं. मुलांना फक्त मध्यबिंदू कळायला हवा, वर्तुळ पूर्ण असायलाच हवं असं नाही.

माजी कॅडेट:
रंगांबद्दल एक. एनसीसीत आम्ही सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०००० च्या शीट वापरायचो, तिथे हिरवं म्हणजे झाडी. ओरिएंटिअरिंगच्या नकाशात नीट पळता येईल असं जंगल पांढरं असतं, उघडी जमीन पिवळी, आणि हिरवं जितकं गडद तितकं आत घुसणं अवघड. मुलांना (आणि त्यांच्या सरांना) हे आधी सांगा, नाहीतर पांढरं दिसलं की मैदान समजतील. आणि हिरव्या-तपकिरीत फरक न कळणारी मुलंही असतात, त्यामुळे गडद हिरवा उगीच पसरू नका, त्यावरची कंटूर त्यांना दिसतच नाही. स्पर्धा पावसाळ्यानंतर लगेच असेल तर गवत-झुडपाचं वेगळं बघा. गुडघाभर वाढलेलं, पण पलीकडचं दिसतंय असं असेल तर उभ्या हिरव्या रेघा. घाणेरीची भिंत असेल तर सरळ हिरवा.

टेकडीकर:
खूप आभार सगळ्यांचे. सेट तपासला, १:१५००० चाच होता! बदलल्यावर दगडांची गर्दी अजूनच दिसायला लागली, आता निम्म्याहून जास्त काढतोय. फक्त खाणीची कडा राहिली. एका ठिकाणी दोन कडे इतके जवळ आहेत की त्यांचे दात (कड्याच्या रेषेला उताराच्या बाजूला असलेल्या छोट्या रेघा) एकमेकांत जातायत. मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे म्हणून काढवत नाही.

योटेबोरीकर:
कडा काढू नकाच. उतरता न येणाऱ्या कड्याची जाड काळी रेषा दोन्ही ठिकाणी ठेवा, जागा नसेल तर फक्त दात गाळायची मुभा नियमातच आहे. मधून जाता येतं का, ते एकदा बघून या. येत असेल तर फट स्पष्ट दिसेल इतकी रुंद ठेवा, नसेल तर दोन्ही रेषा जोडून टाका. मुलं असल्यामुळे मी तर खाणीच्या काठालगत एकही कंट्रोल ठेवणार नाही आणि तो सगळा भाग एकमेकींना छेदणाऱ्या जांभळ्या रेघांनी प्रवेशबंद दाखवेन.