सांदण पूर्ण उतरायची की पाण्यापाशीच थांबायचं? (सोसायटी ट्रेक ग्रुप)

नेहा (सी ७०१): मंडळी, डिसेंबरचा तिसरा शनिवार पक्का करायचा का? मुलांना सांदणमध्ये (साम्रद गावाजवळची अरुंद घळ) दुसऱ्या साचलेल्या पाण्यापर्यंत जाऊन परत फिरायचं नाहीये, दोर लावून खाली जायचंय. सध्या १४ नावं आहेत, त्यात १० ते १३ वयाची चार मुलं. थोडं वरच्या दर्जाचं, पण झेपेल असं काय?

सचिन (ए ५०१): विहीगावचा धबधबा करा ना. १२० फुटांचं रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणं), कसाऱ्यापासून जवळ, संध्याकाळी डोंबिवलीत परत. सांदणचा मोठा पॅच (दोराने उतरायचा टप्पा) ४५ फुटांचाच आहे.

केदार (बी ६०२): सचिन, विहीगाव पावसाळ्यातलं काम. डिसेंबरात तिथे धबधबा कुठला? आणि फुटांचा हिशोब सोडा. विहीगावला कोणी दोरावर अडकला तर वर माणसं, खाली माणसं, गाडी जवळ. सांदणला पहिला पॅच उतरून दोर ओढून घेतला की मागची वाट संपली. पाय मुरगळो, मूल रडो, निघायचं ते खालच्या डेहणे गावाकडेच, तेही दिवसभर मोठाल्या धोंड्यांवरून. घळीत मोबाइलला रेंज नसते. म्हणून तिथले ४५ फूट विहीगावच्या १२० पेक्षा वजनदार.

तरीही माझं मत सांदणलाच. वरची पायरी घेताना एकच गोष्ट नवी असावी. घळ ओळखीची, पाणी ओळखीचं, धोंडे ओळखीचे, नवीन फक्त दोर आणि पुढची उतराई. अनोळखी घळ, वर थंड पाणी, वर मोठा दोर असं सगळं एकदम मुलांवर टाकू नये.

ओंकार (बी ४०४): सॉल्ट लेक सिटीतून नमस्कार 🙂 इकडे घळीला तीन खुणा देतात. पहिला आकडा १ ते ४: १ म्हणजे चालणं, २ म्हणजे हातापायांनी चढउतार, ३ म्हणजे दोर लागणारच, ४ मुरलेल्यांसाठी. मग पाण्याचं अक्षर: ए कोरडी किंवा नावापुरतं पाणी, बी साचलेलं पाणी आणि पोहणं, सी वाहता जोर. शेवटी रोमन आकडा वेळेचा: I दोन-चार तास, II अर्धा दिवस, III जवळपास पूर्ण दिवस. याच मापाने बघितलं तर तुमची पाण्यापर्यंतची सांदण २ बी, I. पूर्ण उतरलात तर ३ बी, III. म्हणजे वेळ दोन घरं पुढे सरकते, दोराचा आकडा एकच घर. केदारदादा म्हणतोय तेच.

वैशाली काकू (ए २०३): माझा गुडघा आहे. मी काय करू? स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

केदार (बी ६०२): काकू, स्पष्टच सांगतो. दोराला गुडघ्याचं फारसं काम नाही, दोरानंतरच्या तीन-चार तासांना आहे. कंबरेएवढ्या धोंड्यावरून बसत, घसरत उतरायचं, असे शेकडो. तुम्ही दुसऱ्या पाण्यापर्यंत आमच्याबरोबर या, तिथून गावातल्या वाटाड्याबरोबर साम्रदला परत. मग गाडी घेऊन घोटी, कसारा, शहापूर, डोळखांब करत डेहण्याला आम्हाला घ्यायला. हे काम कोणीतरी करायलाच हवं, नाहीतर संध्याकाळी करोली घाटाने सगळ्यांना परत साम्रदला चढावं लागेल. उतरून थकलेल्या मुलांना घाट चढवायचा, हा बेत मला मान्य नाही.

वैशाली काकू (ए २०३): चालेल. गाडीत चहाचा थर्मास माझा.

सचिन (ए ५०१): मग १४ पैकी खाली किती?

केदार (बी ६०२): १० च्या वर नको. हिशोब बघा. नवख्या माणसाला हार्नेस (दोराला जोडायचा अंगावरचा पट्टा) तपासून, दोरात अडकवून, कड्याच्या काठावरून मागे झुकायला लावून खाली पोचेपर्यंत सरासरी ७ मिनिटं जातात. १० जण म्हणजे ७० मिनिटं, दोर लावायला २० मिनिटं वेगळी. १४ जण झाले तर पावणेदोन तासांच्या वर, आणि मागचे तेवढा वेळ ओल्या कपड्यांत सावलीत कुडकुडत उभे. काठावर थंडीने हात बधिर झालेला माणूस दोर धरणार कसा?

वेळापत्रक: साम्रदमधून ६.३०. पहिल्या पॅचवर ८.३०. १० वाजता सगळे खाली. पुढचे छोटे पॅच, १५-२० फुटांचे, ११.४५ पर्यंत. जेवण अर्धा तास, त्याहून जास्त नाही. डेहणे ५ च्या आसपास. डिसेंबरात सहाला सूर्य बुडतो, म्हणजे हातात जेमतेम तासाभराची सूट. पहिल्या पॅचवर ९.१५ नंतर पोचलो तर उतरायचं नाही, परत फिरायचं. हे आधीच सगळ्यांना माहीत असू दे, तिथे मतदान नको.

नेहा (सी ७०१): मधे मुक्काम केला तर वेळेची घाई राहणार नाही ना?

केदार (बी ६०२): मुक्काम म्हणजे तंबू, स्लीपिंग बॅग, भांडी. पाठीवर १० किलो घेऊन धोंड्यावरून उडी मारणारा नवखा माणूस तोंडावर पडतो. शुक्रवारी रात्री साम्रदला गावातल्या घरी राहू. घळीत पाठीवर ५ किलोच्या आत, त्यातले ३ किलो पाणीच.

प्रसाद काका (बी १०१): यात विचारतो, माफ करा. पाण्याच्या टाकीसमोर स्कूटर कोणाची आहे?

अॅडमिन: काका, तो मेन ग्रुपला. इथे फक्त ट्रेक.

नेहा (सी ७०१): मुलांचं वजन २७ ते ३५ किलो. दोरावर चालेल?

केदार (बी ६०२): हा खरा प्रश्न. नीट वाचा.

दोर दुहेरी लावला आणि डिसेंडर (दोरावर उतरण्याचा वेग आवरणारी कडी) आठच्या आकड्याचा असला की घर्षण खूप होतं. ७० किलोचा माणूस आरामात सरकतो, २७ किलोचं मूल मधेच लटकतं. मग ते घाबरून दोर हाताने वर ढकलायला बघतं आणि दोन्ही हात सुटतात. म्हणून मुलांना एकेरी दोर. तो अँकरला (वर दोर अडकवायची पक्की जागा) असा बांधायचा की गरज पडली तर ताणाखालीच सोडता येईल, म्हणजे मूल अडकलं तर वरूनच हळूहळू खाली सोडायचं. कायमची गाठ मारलेल्या दोरावर ते जमत नाही. मग कोणाला तरी दुसऱ्या दोरावर उतरून सोडवायला जावं लागतं. शिवाय प्रत्येक मुलाला वरून वेगळ्या दोराने बिले, म्हणजे वरच्या माणसाने धरलेला सुरक्षेचा दोर.

लहान मुलांची कंबर बारीक असते, उलटं झालं तर कमरेचा हार्नेस निसटू शकतो. चौघांनाही छातीचा पट्टा जोडलेला फुल बॉडी हार्नेस. मोठ्यांना कमरेचा पुरे.

ओंकार (बी ४०४): दोर किती नेताय?

केदार (बी ६०२): १०.५ मिमीचे स्टॅटिक (फारसे न ताणणारे), ५० मीटरचे दोन, बिलेला तिसरा. ४५ फूट म्हणजे साधारण १४ मीटर, दुहेरी केला की २८, त्यात अँकरची लांबी आणि खाली थोडा सुटा. ३० मीटरचा दोर कागदावर पुरतो, प्रत्यक्षात टोक जमिनीपर्यंत नीट पोचत नाही. टोकाला गाठ मात्र हवीच. अँकर दोन वेगळ्या ठिकाणी. आधी ठोकलेले बोल्ट दिसले तरी हलवून, ठोकून बघायचे. गंजलेल्या बोल्टवर एकटा भरवसा नाही.

शेवटचा माणूस पहिल्याइतकाच महत्त्वाचा. तो उतरायच्या आधी खालच्यांनी दोर एक-दोन फूट ओढून बघायचा, सरकतोय का. कड्याच्या चिरेत अडकत असेल तर वर माणूस असतानाच दोर हलवून घ्यायचा. आणि ओढताना टोकाची गाठ सोडली का ते दोघांनी बघायचं. तीच गाठ वर अँकरच्या रिंगमध्ये अडकते आणि पुढच्या पॅचला दोरच उरत नाही.

नेहा (सी ७०१): कपडे? पाणी थंड असेल.

केदार (बी ६०२): डिसेंबरात पहिल्या पाण्याला कंबर, दुसऱ्याला छातीपर्यंत येऊ शकतं. उंची कमी असलेल्यांना तिथे हातावर घ्यायचं. जीन्स आणि सुती टीशर्ट पूर्ण बाद, घळीत ऊन येत नाही, दुपारपर्यंत वाळत नाहीत. सिंथेटिक ट्रॅक पँट, कोरडा टीशर्ट आणि फ्लीस ड्राय बॅगमध्ये, पाण्यातून बाहेर आल्यावर लगेच बदलायचा. केस बांधून हेल्मेटच्या आत. सुटी वेणी, ओढणी, जॅकेटची नाडी डिसेंडरमध्ये ओढली गेली की चेहराच दोराला चिकटतो. हेल्मेट फक्त रॅपलिंगला नाही, घळीत शिरल्यापासून. वरून माकडं दगड पाडतात, माणसंही. परफ्यूम, डिओ नको, कड्याला आग्यामोहोळ असतात. शेकोटी तर अजिबात नको.

सचिन (ए ५०१): पाऊस आला तर? मागे अवकाळी झाला होता.

ओंकार (बी ४०४): इथे युटातल्या झायन राष्ट्रीय उद्यानात सप्टेंबर २०१५ मध्ये कीहोल नावाच्या घळीत अचानक आलेल्या लोंढ्याने सात जण गेले. ती घळ नवशिक्यांची समजली जाते. पाऊस तुमच्या डोक्यावर पडायची गरज नाही, वरच्या पठारावर पडला तरी पाणी घळीतच येतं.

केदार (बी ६०२): शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी सकाळी रतनगडाच्या बाजूला ढग दाटले तर घळीत पाय नाही. मग रतनगड-भंडारदरा करून परत. गावातल्या माणसाचा शब्द शेवटचा, आपला अंदाज नाही. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, प्रवेश शुल्क आणि नियम वनविभागाकडून आधी विचारून घ्या. ते काम सचिन.

सचिन (ए ५०१): घेतलं. गाडी १७ सीटर बघतो.

केदार (बी ६०२): मुलांचा एक सराव ट्रेकआधीच्या रविवारी, मुंब्र्याच्या कातळावर, १५ फुटांवर. काठावरून मागे झुकता येतं का एवढंच बघायचं. ज्याला तिथे जमलं नाही तो वैशाली काकूंच्या गाडीत, रडारड नको.

उतरणाऱ्या दहाही जणांनी आज रात्रीपर्यंत कंबर आणि मांडीचा घेर सेंटिमीटरमध्ये टाका, हार्नेस भाड्याने घ्यायचेत. मुलांची छातीही मोजा. जीन्सवरून मोजू नका.

नेहा (सी ७०१): अर्णव: कंबर ५८, मांडी ३९, छाती ६६.