विहिरीत पोहणाऱ्याला काइटसर्फिंग जमेल का?

भाऊ, विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला सुट्टीत काइटसर्फिंग जमेल का, असं तुम्ही विचारलं. जमते! काइटसर्फिंग म्हणजे पायाखाली फळी घेऊन मोठ्या पतंगीच्या ओढीवर पाण्यावरून सरकायचं. मी आर्णीकडचा, रामेश्वरमला शिकलो. तिथं काही ठिकाणी पाणी उथळ आणि सपाट आहे, नवख्याला तेच पाहिजे.

सुरुवातीला पाण्यात उतरवत नाहीत, वाळूवर लहान पतंग हातात देतात. पतंग बरोब्बर डोक्यावर असली की ओढ कमी. वाऱ्याच्या ऐन धारेत खाली आली की जबर हिसका. घाबरलेला माणूस बार, म्हणजे पतंगीच्या दोऱ्या बांधलेली हातातली दांडी, छातीशी ओढतो आणि ओढ अजून वाढते. बार सोडला की जोर उतरतो. हे हाताला कळेपर्यंत फळीचं नावच काढू नका. मग पतंगीच्या जोरावर फळीशिवाय पाण्यातून सरकायचं. सुटलेली फळी गाठायला पुढे हेच कामी येते. क्विक रिलीज, म्हणजे अडचणीत पतंगीची ओढ तोडणारा खटका, डोळे मिटून सापडला पाहिजे, शिकवणाऱ्याकडून पुन्हा पुन्हा करून घ्या.

वारा किनाऱ्याकडून समुद्रात वाहत असेल, तर बोट सोबत असल्याशिवाय उतरू नका. सुट्टी आठवडाभराची तरी काढा, वारा पडला की तो दिवस गेला. रामेश्वरमला उन्हाळी वाऱ्याचा हंगाम आपल्या पेरणीतच येतो, पण जानेवारी-फेब्रुवारीत ईशान्येचा वारा असतो. कापूस घरात आला की निघा.