मिशन ट्रिप, विनंत्या आणि उत्तरं : अनुभव धागा

जास्वंदी
कपाट आवरताना चर्चच्या तरुण संघाची जुनी प्रार्थना-वही हाती लागली, केनियाच्या ट्रिपची. म्हणून धागा. अशा ट्रिपवर प्रार्थनेतल्या विनंत्यांना उत्तरं कशी येतात, अडतं कुठे, सगळं लिहा.
आधी वहीबद्दल. पाच रकाने आखा: तारीख, विनंती कोणाची, नेमकं काय मागितलं, उत्तराची तारीख, उत्तर कुणाच्या हातून आलं. शेवटचा रकाना सगळे गाळतात आणि साक्षीच्या रविवारी (चर्चमध्ये अनुभव सांगायच्या दिवशी) नेमकं तेच आठवत नाही. 'प्रवास सुखाचा होवो' असलं मोघम नको. 'मंगळवारपर्यंत सगळ्यांचे ई-टीए (प्रवासाची ऑनलाइन परवानगी) यावेत' असं लिहा. उत्तर 'नाही' आलं तरी तारखेनिशी लिहायचं.

नगरी_मामा
ई-टीए म्हणालात म्हणून सांगतो. जानेवारी २०२४ पासून केनियाला व्हिसा नाही, ऑनलाइन ई-टीए काढायचा. तीनच दिवस हातात ठेवून भरू नका. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल, फोटो अंधारा असेल, तर तिथेच घोडं पेंड खातं. यजमान मंडळीच्या पत्रात नुसतं 'मिशन' नको; मुलं तिथे काय करणार ते स्पष्ट हवं आणि त्याला वेगळा पास लागतो का हे त्यांनी आधी इमिग्रेशनला विचारावं. अठराच्या आतल्यांसाठी दोन्ही पालकांचं नोटरी केलेलं संमतिपत्र ठेवा.
बायबलमधलं नहेम्या १ आणि २ वाचा. किस्लेव ते नीसान (यहुदी महिने), चार महिने प्रार्थना. मग राजाकडे नेमकं मागितलं काय? सुभेदारांच्या नावे पत्रं आणि राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ, त्याच्याकडचं लाकूड.

बटाटेवडा
मामा, लाकूड विमानाच्या २३ किलो सामानात बसेल का 😂

वसईची_सून
पिवळा ताप!! लस घेतल्यावर दाखला १० दिवसांनी लागू होतो. आठवडाभर आधी घेतली तर उपयोग नाही. परत येताना भारतात दाखला नसेल तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन. मान्यताप्राप्त केंद्रातच मिळते, वार ठरलेले असतात. दाखल्यावरचा पासपोर्ट क्रमांक तिथेच ताडून बघा, एक आकडा चुकला की विमानतळावर रडारड. अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. एकदा घेतली की जन्मभर चालते, २०१६ पासून तसा नियम आहे.

रात्रपाळी
ड्यूटीवर आहे, थोडक्यात लिहिते. नैरोबीत मलेरियाचा धोका कमी, किसुमू आणि मोंबासाकडे भरपूर. डॉक्सीसायक्लिन दिली असेल तर रोज १०० मिग्रॅ, जाण्याच्या १-२ दिवस आधी सुरू आणि परतल्यावर चार आठवडे. मुलं घरी आली की सोडतात, आणि ताप येतो तो नंतरच. जेवून, पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवं होऊ नका, अन्ननलिका भाजते. ऊनही बाधतं. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना 'आफ्रिकेतून आलोय' हे पहिलं वाक्य सांगा, रक्त त्याच दिवशी तपासा.
जुलाबाला ओआरएस. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. पोहे खायचा छोटा चमचा, मोठा नव्हे. मीठ जास्त झालं तर उलट त्रास.

गंजी
रात्रपाळीताई, मुंबईत आलेला अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल, त्याला हे मिळालं असतं तर! १८२६ मध्ये कॉलऱ्याने गेला. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्सटाउनला १८०६ मध्ये पाच विद्यार्थी वादळात गवताच्या गंजीच्या आडोशाला प्रार्थना करत होते. त्यातून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था निघाली आणि १८१३ मध्ये हॉल आणि त्याचा सोबती नॉट मुंबईत उतरले. कंपनी सरकारने लगेच 'परत जा' म्हणून सांगितलं. व्हिसाची कटकट तेव्हापासूनची आहे. आपली मराठी मिशन त्या प्रार्थनेचंच उत्तर म्हणायचं.

बटाटेवडा
म्हणजे आपणच कुणाच्या तरी वहीतला पाचवा रकाना?

जास्वंदी
@बटाटेवडा 👏 आज शहाणा झालास.

घाटावरची
पावसाबद्दल कुणीच लिहिलं नाही. मार्च ते मे तिकडचा मोठा पाऊस. टीम तंबूत मुलांचे वर्ग घेते आणि 'पाऊस नको' मागते. त्याच वेळी यजमान मंडळी मक्यासाठी पाऊस मागत असते! सकाळच्या भक्तीला एका बाकावर दोन उलट विनंत्या. म्हणून पोचल्यावर पहिल्या संध्याकाळी त्यांच्या विनंत्या विचारा आणि वहीच्या पहिल्या पानावर त्या लिहा, आपल्या मागून. तंबू उंचवट्यावर ठोका, भोवती वीतभर खोल चर खणा, चराचं तोंड उताराच्या बाजूला ठेवा. पावसाचं काम पावसाला करू द्या.
आणि जुलैत नैरोबीला थंडी असते. 'आफ्रिका' म्हणून नुसते टी-शर्ट नेऊ नका.

सुभाषकाका
प्रभूची स्तुती असो. सर्वांना शुभ रात्री 🙏🌹

नगरी_मामा
मागे घरी राहणाऱ्यांची प्रार्थना-साखळी सांगायची राहिली. चोवीस तास म्हणजे अर्ध्या तासाच्या ४८ पाळ्या. पहिल्या दिवशी सगळ्या भरतात, चौथ्या दिवशी पहाटे दोन ते चार भगदाड. प्रत्येकाला रोज तीच वेळ द्या, बदलती नको. पहाटेची वेळ आज्यांना, त्या जाग्याच असतात. केनिया आपल्या अडीच तास मागे. त्यांची सकाळी आठची भक्ती म्हणजे इथले साडेदहा. बातमी एकाच माणसाने, ठरलेल्या वेळी टाकायची. आजारी मुलाचं नाव ग्रुपवर नाही. 'एका सदस्याला ताप' पुरे, नाहीतर बारा घरांतून फोन सुरू होतात.

वसईची_सून
शिवाय खाऊ कॅरीबॅगेत बांधू नका. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. कापडी पिशवी, स्टीलचा डबा.

घाटावरची
चिवडा डब्यात मऊ पडतो गं.

वसईची_सून
पोहे नीट भाजून, पूर्ण गार झाल्यावर भर. वर कागद.

बटाटेवडा
चार्जरचं काय? आपली पिन बसते का?

रात्रपाळी
नाही. तिकडे ब्रिटिश पद्धतीच्या तीन चौकोनी पिना, ॲडॉप्टर इथूनच घ्या. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, २०,००० एमएएच चालते.