मदत हवी आहे: तळ्याच्या गाळातले पॉलिस्टरचे धागे वेगळे कसे करायचे?

कोल्हापूरच्या रंकाळ्याच्या काठच्या गाळात मायक्रोप्लास्टिक (५ मिमीहून लहान प्लास्टिकचे कण नि धागे) शोधतोय, एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे. गाळ सुकवून ५ मिमीच्या चाळणीतून चाळला, ३०% हायड्रोजन पेरॉक्साइडने शेवाळ वगैरे जाळलं, मग हलकं प्लास्टिक तरंगावं म्हणून मिठाच्या संपृक्त द्रावणात टाकला. पॉलिथिन, थर्माकोल वर येतं पण त्या द्रावणाची घनता १.२ ग्रॅम/घसेमीच्या आसपास आणि पॉलिस्टर १.३८, म्हणजे धागे तळाशीच राहणार, आणि कपड्यांतून सुटणारे धागेच तर मला मोजायचेत! झिंक क्लोराइडचं द्रावण जास्त जड होतं, पण ते महाग, शिवाय ते विषारी पाणी ओतायचं कुठे? अंगात सुती अ‍ॅप्रन असतो, ब्लँकही (गाळ न घालता तीच प्रक्रिया, बाहेरून धागे पडतात का ते कळायला) लावतो, फक्त साधा मायक्रोस्कोप आहे, एफटीआयआर (प्लास्टिकचा प्रकार ओळखणारं यंत्र) नाही. कॅल्शियम क्लोराइड कुणी वापरलंय का, त्यात उरलेल्या सेंद्रिय कचऱ्याच्या गुठळ्या होतात का?