पायथॉनची आवृत्ती दर ऑक्टोबरात: घाई त्यांची की झोप आपली?

सह्यवाट
परवा 'जुना खेळाडू' यांनी लिहिलं की पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा चालवणारे आता भाषा घडवत नाहीत, कॅलेंडर पाळतात. दिवाळीच्या तोंडावर नवी आवृत्ती काढायची आणि मोडलेलं आपण निस्तरायचं, त्यापेक्षा तीन वर्षांतून एकदाच काढा. तिथेच दोन ओळी लिहून गप्प बसणार होतो, पण राहवलं नाही.

कॅलेंडर पाळतात हे खरं आहे, आणि 3.9 पासून ते विचार करून ठरवलंय. मे महिन्यात पहिला बीटा, म्हणजे चाचणीसाठीची आवृत्ती, येतो. त्या दिवसापासून नवीन काही आत घेत नाहीत, फक्त दुरुस्त्या. जुलैअखेर किंवा ऑगस्टात आरसी (अंतिम होऊ घातलेली आवृत्ती), तिथून एबीआय (बांधलेल्या पॅकेजांचा पायथॉनशी असलेला जोड) गोठतो, म्हणजे लायब्ररीवाल्यांनी तेव्हा बांधलेली पॅकेजं अंतिम आवृत्तीवरही चालतात. मग ऑक्टोबर. तपासायला तब्बल पाच महिने मिळतात.

तयारी नसताना ढकलतात म्हणणाऱ्यांनी 3.13 आठवावी. मेमरी साफ करणारा नवा इन्क्रिमेंटल कलेक्टर त्यात घेतला होता. दोन आरसी होऊन गेले होते, अंतिम तारीख होती 1 ऑक्टोबर 2024. काही कामं आधीपेक्षा मंदावतात असं दिसल्यावर तो अख्खा बदल काढला, 1 तारखेला तिसरा आरसी दिला आणि अंतिम आवृत्ती 7 तारखेला आली. ज्यांनी तो लिहिला त्यांना काय वाटलं असेल! तरी काढला. 3.10 च्या वेळीही तसंच. अ‍ॅनोटेशन्स (कोणती किंमत कोणत्या प्रकारची हे सांगणाऱ्या कोडमधल्या टिपा) न तपासता मजकूर म्हणून ठेवायची हे आपोआपचं वर्तन होणार होतं. पायडँटिक आणि फास्टएपीआय या लायब्ररीवाल्यांनी एप्रिल 2021 मध्ये, बीटाला दोन आठवडे असताना, आमचं सगळं मोडेल म्हणून सांगितलं आणि निर्णय फिरला. तो प्रश्न वेगळ्या रीतीने थेट 3.14 मध्ये सुटला.

ते लोक एप्रिलमध्ये बोलले म्हणून वाचले. तुम्ही ऑक्टोबरनंतर बोलता.

जुना खेळाडू
एप्रिलमध्ये बोलायला वेळ असणारी माणसं वेगळी असतात हो. माझं ऐका.

एका तालुक्याच्या गावातली पतसंस्था. 2011 साली मी त्यांना थकबाकीचे रिपोर्ट काढायला सीजीआय मॉड्यूल (वेबपानावरून आलेली माहिती प्रोग्रामला देणारा पायथॉनसोबतचा तयार भाग) वापरून छोटा प्रोग्राम लिहून दिला. चौदा वर्षं बिनतक्रार चालला. मार्चअखेरीला जुनं मशीन गेलं. नवीन घेतलं, त्यावर पायथॉन 3.13. रात्री आठला मॅनेजरांचा फोन, रिपोर्ट निघत नाही. पाहतो तर 'नो मॉड्यूल नेम्ड सीजीआय'. एवढंच. का नाही, कुठे गेलं, पर्याय काय, एक अक्षर नाही. कोल्हापूरहून गाडी काढली आणि पहाटेपर्यंत बसलो. मोबदला मागायचं तोंड नव्हतं, कारण त्यांच्या दृष्टीने चूक माझीच.

त्या मॉड्यूलमध्ये असं काय पाप होतं?

टर्मिनल_वाई
3.13 मध्ये एकदम 19 मॉड्यूल गेली. सीजीआय, टेलनेटलिब, क्रिप्ट, ऑडिओऑप वगैरे. ठरलं मार्च 2022 मध्ये, 3.11 पासून वॉर्निंग होती. सांभाळायला माणूस नव्हता हे खरं कारण. ज्या कोडची जबाबदारी कोणी घेत नाही तो तसाच पुढे देत राहणं मला जास्त धोक्याचं वाटतं.

आणि पायपीआयवर, म्हणजे पायथॉनची पॅकेजं मिळतात तिथे, 'लेगसी-सीजीआय' आहे. एक ओळ टाकून पहाटेऐवजी नऊला घरी गेला असतात.

जुना खेळाडू
हे त्या रात्री मला कोणी सांगितलं? एररमध्येच लिहिलं असतं तर?

आणि वॉर्निंगचं कौतुक मला सांगू नका. त्या मशीनवर 3.8 होतं. 3.11 आणि 3.12 त्या संस्थेने बघितलंच नाही. तिथून थेट 3.13. वॉर्निंग दिसणार कुठे?

सह्यवाट
दुरुस्तीचा हात न लागता चौदा वर्षं चाललेला प्रोग्राम, आणि दोष भाषेचा? मोटारीलासुद्धा सर्व्हिसिंग लागतं. 'इम्प' मॉड्यूल 2014 मध्ये, 3.4 ला नापसंत ठरवलं आणि 2023 मध्ये काढलं. नऊ वर्षं! याहून किती थांबायचं?

तीन वर्षांनी एकदा काढा म्हणता, त्याचंही उत्तर इतिहासात आहे. सगळं साठवून एकदम मोडलं ते 3.0 मध्ये, डिसेंबर 2008. त्यानंतर जुन्या धाटणीच्या 2.7 ला 2015 पर्यंत सांभाळायचं ठरलं होतं, ते 1 जानेवारी 2020 पर्यंत लांबवावं लागलं. अकरा वर्षं दोन भाषा. मी त्यातली सहा वर्षं दोन्हींवर चालेल असा कोड लिहिण्यात घालवली आहेत. दरवर्षी थोडं मोडलेलं मला हजारदा चालेल.

बोलकी बाराखडी
तुम्ही दोघं काय काढलं यावर भांडताय. काय दुरुस्त होत नाही यावर कोणी बोलेल का?

पायथॉनमध्ये रेगेक्सचा (मजकुरात नमुना शोधायच्या सोयीचा) 'बॅकस्लॅश डब्ल्यू' म्हणजे शब्दातलं अक्षर. त्याला 'मराठी' हा शब्द द्या. तो दोन तुकडे परत देतो, 'मर' आणि 'ठ'. काना आणि वेलांटी त्याच्या लेखी अक्षरात येतच नाहीत. 'विद्यार्थी' दिला तर व, द, य, र, थ असा चुरा. ही तक्रार 2007 पासून नोंदलेली आहे. 3.14 मध्येही तीच तऱ्हा.

मी रत्नागिरीत कॉलेजला शिकवते. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मराठी कथांमधल्या शब्दांची वारंवारता मोजायला सांगितली. एका मुलीने पहिल्या पाच शब्दांची यादी आणली, त्यात 'त', 'क', 'ह'. तिला वाटलं तिचंच चुकलं. दोन दिवस स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत होती. मला वर्गासमोर सांगावं लागलं की बाई गं, तुझं बरोबर आहे, भाषा चुकते आहे. गेली कित्येक वर्षं मे महिन्यात बीटाच्या बदलांची यादी मी फक्त या एका ओळीसाठी उघडते.

टर्मिनल_वाई
त्यासाठी 'रेगेक्स' नावाची वेगळी लायब्ररी आहे ना. तिथे 'मराठी' अख्खा मिळतो, आणि 'बॅकस्लॅश एक्स'ने म, रा, ठी अशी तीन अक्षरंही सुटतात. जगाची भाषा आहे, आपल्या एका लिपीसाठी रिलीज थांबवायचं का?

बोलकी बाराखडी
एका लिपीसाठी? हिंदी, नेपाळी, बंगाली, तमिळ, सगळ्यांची मात्रा अशीच गळते! आमच्या लॅबच्या मशीनवर बाहेरचं काही टाकायची परवानगी नाही. पायथॉनसोबत जे येतं तेवढंच त्या मुलांचं पायथॉन. 'मराठी' या शब्दाला इजआल्फा (सगळी अक्षरंच आहेत का?) विचारा, उत्तर 'नाही'. इजआयडेंटिफायर (नाव म्हणून चालेल का?) विचारा, उत्तर 'हो'. म्हणजे व्हेरिएबलचं नाव म्हणून हा शब्द 2008 पासून चालतो, पण तो अक्षरांचा बनलाय हे मान्य नाही. आणि हे सांगितलं की आपलीच माणसं म्हणतात 'आपल्या एका लिपीसाठी'. याचा राग येतो मला.

पैलतीर
नावांतही गोची आहेच. 'दुसऱ्या' जुन्या पद्धतीने, म्हणजे र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असं टाइप झालं की नाव म्हणून चालत नाही, सिंटॅक्स एरर येतो. ऱ वापरून लिहिलं की चालतं. डोळ्याला दोन्ही सारखेच. मी इथे जर्मनीत मुलाला मराठी नावांनी प्रोग्राम शिकवत होतो, अर्धा तास यात गेला.

सह्यवाट
बाराखडी, तुमचं दुःख खरं आहे. पण जरा बघा काय मागताय. 'बॅकस्लॅश डब्ल्यू'चा अर्थ आज बदलला तर जगातल्या कितीतरी प्रोग्रामांचं उत्तर बदलेल, तेही एरर न येता. मॉड्यूल काढलं तर निदान ओरडतं. हे गुपचूप मोडेल. खेळाडूंची पतसंस्था एका रात्रीत बंद पडली ते दिसलं तरी. तुमच्या बदलाने मोडलेलं वर्षभर कोणाला कळणार नाही.

बोलकी बाराखडी
मग मोडा! चुकीच्या उत्तरावर उभं असलेलं मोडायलाच हवं. आज जे गुपचूप चुकतंय ते आमचं आहे म्हणून दिसत नाही का? सीजीआय काढायची धमक आहे, तर दोन आवृत्त्या वॉर्निंग देऊन हेही करता येईल. नाहीतर नवा फ्लॅग, म्हणजे हवा त्यानेच लावायचा पर्याय, द्या. मी त्यावरही समाधान मानेन.

जुना खेळाडू
बाईंशी मी सहमत होईन असं वाटलं नव्हतं, कारण मोडायच्या मी विरोधात आहे. पण नवा फ्लॅग चालेल. त्याने कोणाचं जुनं मोडत नाही.

सह्यवाट
फ्लॅगला माझीही हरकत नाही. पण असा बदल मेच्या आधी आत जावा लागतो, बीटानंतर नाही. जुन्या नोंदीत 'मलाही हाच त्रास' लिहून काही होत नाही. त्या मुलीची यादी, कोणती ओळ दिली, काय अपेक्षित होतं, काय मिळालं, हे टेस्टच्या रूपात द्या. इंग्रजी मी बघतो.

आणि खेळाडू, एक मानतो. आवृत्त्या ओलांडून उडी मारणाऱ्याला वॉर्निंग कधीच दिसत नाही, याला माझ्याकडे उत्तर नाही. काढलेल्या मॉड्यूलचं नाव एररमध्ये ओळखून पर्याय सांगायला हवा होता. बाकी तुमच्या तीन वर्षांच्या मागणीला माझा विरोध कायम.

बोलकी बाराखडी
आज रात्री पाठवते. मराठी, विद्यार्थी, दुसऱ्या, आणि एक तमिळ शब्द सहकाऱ्याकडून घेते.

जुना खेळाडू
माझं मत बदललेलं नाही. पण पतसंस्थेचा प्रोग्राम लेगसी-सीजीआयवर किती दिवस ठेवणार? येत्या मे महिन्यात जुन्या लॅपटॉपवर बीटा टाकून बघतो म्हणतो. उबुंटू आहे. आधीचं पायथॉन उडणार नाही ना?

टर्मिनल_वाई
सोर्सवरून बांधा आणि शेवटी 'मेक इन्स्टॉल' नको, 'मेक ऑल्टइन्स्टॉल' द्या. उबुंटूच्या स्वतःच्या पायथॉनला हात लावू नका, त्याची बरीच कामं त्यावर चालतात. मग प्रोग्राम 'डॅश डब्ल्यू एरर' लावून चालवा, प्रत्येक वॉर्निंगला तो तिथेच थांबेल. अडलात तर इथेच लिहा, मी असतो.