बी-४०२ ची गाडी आणि तो पिवळा दिवा

शनिवार, संध्याकाळी

बी-४०२ : नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. गाडीत इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागलाय. गॅरेजला नेली, त्यांनी मशीन लावलं आणि दोन मिनिटांत निकाल दिला : ऑक्सिजन सेन्सर गेलाय. वर म्हणाले, कन्व्हर्टरही (धूर स्वच्छ करणारा डबा) जायच्या बेतात आहे, दोन्ही एकदम करून टाका. आकडा ऐकून मी गाडी तशीच घरी आणली. कोणी भरवशाचा माणूस सुचवेल का?

ए-१०३ : माझ्याकडे आहे एक. देवमाणूस. नंबर पर्सनलला टाकतो.

सी-२०१ : त्या देवमाणसाकडे जाऊ नका ताई. माझा एसी त्यानेच घालवला.

ए-१०३ : तुमचा एसी आधीच गेलेला होता, दादा.

डी-५०४ : कशाला गॅरेज? बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा, दिवा जातो. मी दर वेळी तेच करतो.

सी-६०२ : "दर वेळी" म्हणालात ना, त्यातच सगळं आलं.

डी-५०४ : काका, दिवा जातो हे तर खरं?

सी-६०२ : जातो. बऱ्याच गाड्यांत त्याच्याबरोबर बिघाडाचा कोडही जातो आणि फ्रीझ फ्रेमही जाते. म्हणजे बिघाड पकडला गेला त्या क्षणी इंजिन किती फेऱ्यांवर होतं, किती तापलं होतं, गाडी उभी होती की पळत होती, ही सगळी नोंद. शोध जिथून सुरू करायचा तोच कागद तुम्ही फाडून टाकता. गाडी आपल्या वेगवेगळ्या भागांच्या ज्या तपासण्या करत असते त्याही शून्यापासून सुरू होतात. म्हणून दोन-चार दिवस शांतता वाटते, आणि मग पहिले पाढे पंचावन्न.

ताई, तुम्ही तीन गोष्टी सांगा. दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय? गाडी चालताना काही फरक जाणवतो का? आणि गॅरेजवाल्याने कोड कोणता सांगितला?

बी-४०२ : स्थिर आहे. चालताना ठीक, पण उभी असताना जराशी थरथरते. कोड काही सांगितला नाही. दिवा पुसून दिला होता, तिसऱ्या दिवशी परत लागला.

सी-६०२ : कोड न सांगता सेन्सर बदला म्हणाला, हे मला पटलं नाही. पण परत लागलाय ते बरं झालं. म्हणजे नोंद पुन्हा तयार झाली असणार. आता कोणालाही पुसू देऊ नका.

ए-७०१ : लुकलुकण्याचं माझ्याकडून ऐका, पैसे मोजून शिकलेय. गाडी चढावर धक्के द्यायला लागली आणि हाच दिवा उघडझाप करायला लागला. मी म्हटलं, आधी पोचू, मग बघू. तासभर तशीच दामटली. एका सिलिंडरची कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी, गेली होती. तिथलं न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटलं आणि आतली जाळी वितळली. एका कॉइलवर भागलं असतं तिथे कन्व्हर्टरही गेला.

सी-६०२ : अगदी बरोबर. लुकलुकतोय म्हणजे मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं, इतका आहे की कन्व्हर्टर जळू शकतो. एक्सलरेटर सोडायचा, सुरक्षित जागा बघून थांबायचं. स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर तितकी घाई नाही, पण महिनोन्महिने अंगावर काढायचंही नाही. आणि तेलाच्या बुधलीचा किंवा तापमानाचा लाल दिवा ही निराळी गोष्ट. तो लागला तर इंजिन बंद, तिथल्या तिथे. "गॅरेजपर्यंत नेतो" म्हणणाऱ्यांनी इंजिनं जाम केलेली आहेत.

डी-१०२ : माझ्याकडे स्कॅनर आहे, तो छोटा ब्लूटूथवाला. मोबाइलवर दिसतं सगळं. उद्या सकाळी पार्किंगमध्ये आणू का?

सी-६०२ : आणा. मीही येतो. ताई, गाडी आज रात्रीपासून हलवू नका, गार इंजिनापासून बघू.

सी-२०१ : पार्किंगवरून आठवलं, माझ्या जागेत परत कोणीतरी

अ‍ॅडमिन : दादा, एका वेळी एक विषय.

रविवार, दुपारी

बी-४०२ : सकाळचा वृत्तान्त देते, बरेच जण विचारताहेत.

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ, सोळा खाचांचं एक सॉकेट असतं. सात वर्षं गाडी चालवतेय, मला माहीत नव्हतं. डी-१०२ दादांनी त्यात डबी खोचली, मोबाइलवर कोड आला : पी०१७१. काका म्हणाले, याचा अर्थ मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. यात "ऑक्सिजन सेन्सर खराब" असं कुठेच लिहिलेलं नाही!

मग फ्रीझ फ्रेम उघडली. वेग शून्य, इंजिन ७६० फेऱ्यांवर, पूर्ण तापलेलं. म्हणजे मी सिग्नलला उभी असताना हे घडलं. तिथेच एक आकडा होता, लाँग टर्म फ्यूएल ट्रिम, अधिक २३. तो काकांनी बराच वेळ बघितला.

सी-६०२ : तो आकडा सगळ्यांनी समजून घेण्यासारखा आहे. आत येणारी हवा मोजून कॉम्प्युटर पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. मग धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर सांगतो की जमलं की नाही. ऑक्सिजन उरला म्हणजे पेट्रोल कमी पडलं, की कॉम्प्युटर वाढवतो. ही वाढ-घट म्हणजे ट्रिम. दहाच्या आत, वर किंवा खाली, असेल तर मी डोकं लावत नाही. २३ म्हणजे कॉम्प्युटर हिशेबापेक्षा जवळजवळ पाव हिस्सा जास्त पेट्रोल ओततोय. म्हणजे मोजणीला चुकवून कुठून तरी हवा आत शिरत असणार, नाहीतर पेट्रोलच कमी पोचत असणार, किंवा हवा मोजणारा सेन्सर चुकीचं मोजत असणार. ऑक्सिजन सेन्सरच खोटं बोलतोय असंही कधी होतं, पण ते तपासल्याशिवाय म्हणायचं नाही. इथे तर तो बिचारा इमानदारीने तक्रार करत होता आणि त्यालाच काढायला निघाले. चोर सोडून संन्याशाला फाशी!

बी-४०२ : पुढचं मी सांगते. काकांनी गाडी चालू करायला लावली, आकडा पंचविशीला. मग म्हणाले, २५०० फेऱ्यांवर धरून ठेवा. आकडा उतरत उतरत सहावर आला. सोडलं, परत चढला.

ई-१०१ : मग फट आहे. व्हॅक्यूम लीक.

सी-६०२ : बरोबर ओळखलंत. उभ्या गाडीत थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, जवळजवळ बंद असतो, त्यामागे ओढ जबरदस्त असते, आणि आत जाणारी एकूण हवा थोडी. तेवढ्यात चोरून शिरलेली हवा मोठी दिसते. रेस केली की एकूण हवाच इतकी वाढते की फटीतली तिच्यात हरवून जाते. पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर दमला असता तर उलट झालं असतं : उभ्या गाडीत ठीक, आणि ताण पडला की आकडा वर.

बी-४०२ : बॉनेट उघडलं तर बारीक "सूंऽऽ" असा आवाज. मला आधी वाटलं पंख्याचा. काकांनी टॉर्च मारला, इंजिनाच्या मागच्या अंगाला एक काळा रबरी पाइप आहे, अंगठ्याएवढा जाड, वळणावर तेलाने मऊ पडलेला. खालच्या बाजूला चीर, वरून दिसतच नाही. काकांनी चिरेवर बोट दाबलं. आवाज बंद, थरथर बंद, आणि दादांच्या हातातल्या मोबाइलवर आकडा खाली यायला लागला. बोट काढलं की परत सूंऽऽ. आम्ही तिघं लहान मुलांसारखं तेच चार वेळा करत बसलो.

सी-६०२ : पीसीव्हीचा पाइप. इंजिनातली वाफ परत इन्टेकमध्ये, म्हणजे हवा आत येते त्या वाटेत, नेणारा. आणि हो, चालू इंजिनात हात घालताना पंखा आणि पट्ट्यांपासून लांब, बाह्या वर. हे वाचून कोणी आपापल्या बॉनेटमध्ये बोटं घालत सुटू नका.

डी-५०४ : काका, म्हणजे पी०१७१ आला की हाच पाइप बदलायचा ना? नोंद करून ठेवतो.

सी-६०२ : नाही हो! हेच तर सांगतोय सकाळपासून. कोड म्हणजे तक्रार कोणत्या खात्यातली आहे ते. सुरुवातीचा पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स. पुढे शून्य असेल तर अर्थ सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत एकच, एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. त्यापुढचा आकडा खातं : एक-दोन हवा आणि इंधन, तीन ठिणगी, चार धुराची यंत्रणा. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर नीट पेटत नाही. आता का पेटत नाही? प्लग, कॉइल, इंजेक्टर, व्हॉल्व्ह, काहीही. त्याची कॉइल तिसऱ्यावर लावून बघा. कोड बदलून पी०३०३ झाला तर कॉइल दोषी. नाही झाला तर कॉइल सुटली, पुढच्याला धरा. नवा पार्ट घेण्याआधी हे फुकटात कळतं. पी०४२० दिसला की लोक डोळे मिटून कन्व्हर्टर बदलतात, आधी सायलेन्सरची गळती बघत नाहीत. आणि मिसफायरने कन्व्हर्टर मेला असेल तर मिसफायर तसाच ठेवून बसवलेला नवाही मरतो.

ए-७०१ : माझ्या वेळी हे कोणी सांगितलं असतं तर...

सी-२०१ : थोडक्यात, गॅरेजवाले चोर.

ई-१०१ : दादा, माझ्या भावाचं गॅरेज आहे म्हणून बोलतो. चोर आहेत, नाही असं नाही. पण दुसरी बाजूही बघा. आज काकांनी फुकट घालवला तसा तासभर भावाने घालवला आणि बिलात "तपासणी" लिहिलं, की गिऱ्हाईक म्हणतं, नुसतं बघायचे कसले पैसे? पार्टचे पैसे मात्र मुकाट देतात. मग मेकॅनिक शोधायचं सोडून पार्ट बदलत बसतो. एकाने नाही गेलं तर दुसरा. फुकट स्कॅनिंगची पाटी लावणाऱ्याने खर्च कुठून तरी काढायलाच हवा ना.

सी-६०२ : हे शंभर टक्के मान्य. तपासणीचे पैसे वेगळे मागणारा माणूस मला उलट बरा वाटतो.

बी-४०२ : पण माझ्यासारखीने ओळखायचं कसं? दर वेळी काका कुठून आणू?

ई-१०१ : ताई, एकच विचारायचं, "पार्ट खराब आहे हे कशावरून ठरवलं?" कोडवरून म्हणाला तर दुसरीकडे जा. "धूर सोडून बघितला, इथून गळतोय, या दाखवतो" म्हणाला तर तिथेच थांबा. भावाकडे ते धुराचं यंत्र आहे, इन्टेकमध्ये धूर भरायचा, चीर असेल तिथून बाहेर येतो. आणि जुना पार्ट परत मिळेल ना, हे काम सुरू व्हायच्या आधीच विचारा. नंतर विचारलं की तो कचऱ्यात गेलेला असतो.

सी-६०२ : आणि आपणही नीट सांगायला हवं. "दिवा लागलाय, बघा" एवढ्यावर तो काय करणार? गार असताना की गरम झाल्यावर, उभ्या गाडीत की पळताना, आणि त्याआधी गाडीला काय केलं होतं. ताई, अलीकडे सर्व्हिसिंग झालं होतं का?

बी-४०२ : हो! दिवा लागायच्या साधारण पंधरा दिवस आधी. एअर फिल्टर, प्लग वगैरे.

सी-६०२ : झालं तर. पाइप सात वर्षांचा, मऊ पडलेला होताच. प्लग काढताना बाजूला ओढला असेल, वळणावर फाटला. मुद्दाम नाही केलं कोणी, पण हे आधी विचारलं असतं तर सेन्सरचं नावही निघालं नसतं.

सोमवार, रात्री

बी-४०२ : पाइप बदलला. त्याच गॅरेजमध्ये गेले, जवळ पडतं. कोड सांगितला, मोबाइलवरचे आकडे दाखवले, चीर दाखवली. माणूस म्हणाला, "हां, हेच असणार." वीस मिनिटांत काम. मी विचारलं, आणि सेन्सर? म्हणाला, "तो राहू द्या."

ए-१०३ : राहू द्या!

बी-४०२ : जुना पाइप मागून आणलाय. ट्रिम आता तीनवर. थरथर गेली. पण दिवा अजून आहे. तो पुसून देत होता, मी नको म्हटलं, काकांना विचारते.

सी-६०२ : छान केलंत. पुसला तरी आता बिघडणार नाही, दुरुस्ती झालेली आहे. पण मी असतो तर तसाच ठेवला असता. गाडी तीच तपासणी स्वतः पुन्हा करते. ओळीने तीन फेऱ्यांत ती पास झाली की दिवा आपोआप जातो. गाडीने स्वतः दिलेला निकाल मला जास्त विश्वासाचा वाटतो. फेरी म्हणजे नुसती चालू-बंद नव्हे, इंजिन तापेल इतकी चालवा आणि मध्ये सिग्नलला उभीही राहू द्या.

डी-१०२ : स्कॅनर ताईंकडेच राहिलाय वाटतं.

बी-४०२ : अरे हो, गाडीतच खोचलेला आहे. उद्या देते.

सी-६०२ : आजच काढा. काही गाड्यांत तो बंद गाडीतही बॅटरी खात राहतो. एक कटकट संपवून दुसरी नको.

शुक्रवार, सकाळी

बी-४०२ : काका!! आज गाडी चालू केली आणि दिवा नाही. कोणी हात लावलेला नाही.

सी-६०२ : वा. कोड मात्र आत काही दिवस दिसेल. इंजिन गार होऊन पुन्हा पूर्ण तापलं, असं चाळीस वेळा झालं की तोही पुसला जातो.

ए-७०१ : ताई आता चाळीस मोजत बसणार.

बी-४०२ : आज पहिला. फ्रिजवर रेघ ओढलीये.

सी-२०१ : झाला ना विषय? आता माझ्या पार्किंगचं बोलू का?