नोकरी सोडली अन् कंपनीनं भरलेली फी परत मागितली: तुमचं काय झालं?

मी नागपूरच्या मिहानमध्ये नोकरीला होतो. कंपनीनं माझ्या एमबीएची २ लाख ४० हजार फी भरली. डिग्रीनंतर २ वर्षं थांबायची अट. आठ महिने झाले अन् पुण्याची ऑफर आली. एचआरनं अख्खी रक्कम मागितली. घरी येऊन कपाटातलं पत्र काढलं, तर दर महिन्याला १० हजार कमी होत जातील असं त्यात स्वच्छ लिहिलेलं! १ लाख ६० हजारच निघाले, तेही तीन चेकमध्ये दिले. सही करताना ते पत्र वाचलंच नव्हतं, हे बायकोला अजून सांगितलं नाही. तुमचेही अनुभव लिहा.

बुटीबोरीकर: माझ्या कोर्सचे ९० हजार फुल अँड फायनलमध्येच, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबातच कापले. शेवटचा पगार शून्य. वरून ग्रॅच्युइटीलाही हात घालून राहिले होते. तिथं मात्र मी अडलो. सहा वर्षं नोकरी झाली होती, अन् कोर्सच्या फीपोटी ग्रॅच्युइटी कापता येत नाही, पीएफही नाही. "कोणत्या नियमानं कापता, ते लिहून द्या" म्हटलं. बारा दिवसांत जमा झाली.

धरमपेठची: नव्या कंपनीनं माझा १ लाखाचा हिशेब मिटवतो म्हटलं. दिले ते जॉइनिंग बोनस म्हणून. टॅक्सचा ३० टक्क्यांचा स्लॅब, वर सेस, हातात ६८,८००. बाकीचे माझ्या खिशातून. अन् त्या बोनसलाही वर्षभराची अट! एका खुंट्यावरून सुटून दुसऱ्या खुंट्याला.

सदरवाला: काही नाही द्यायचं बाप्पा, बाँड म्हणजे रद्दी. मी फोनच उचलला नाही.

काळा कोट: सदरवाले भाऊ, असं सांगू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांआधी सोडल्यास २ लाख भरायची अट वैध ठरवली. पण करारात आकडा आहे म्हणून तेवढा मिळतोच असंही नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ वाजवी भरपाईच देतं. लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा. म्हणून फी भरल्याची पावती मागा. ऑफिसातच चार दिवस स्लाइडा दाखवून ५० हजार लावणाऱ्यांची गाडी तिथंच अडते.

सिस्टर: आमच्या हॉस्पिटलात ट्रेनिंगचे ७५ हजार मागून राहिले, अन् माझ्या मूळ मार्कशीटही त्यांच्याकडेच. पावती मागितली तर म्हणे, मॅडम रजेवर आहेत. तिसरा आठवडा आहे.